तिसऱ्या पिनेचं कूळ

अर्थिंग हा शब्द कोपरगावात इंग्रजीचा गंध नसलेल्यांच्याही तोंडी आहे. मोटरीला अर्थिंग, फ्रिजला अर्थिंग. आणि न्यूट्रल गेला की जमिनीत सळई ठोकून बल्ब पेटवायचा, तेही ‘अर्थिंगवर घेतलं’. ही शेवटची युक्ती जिवावरची. पण कुळात थोरली तीच.

आकाशातली वीज उतरवणारा फ्रँकलिनचा दांडा वगळला, तर जमीन तारेच्या जोडीला आली ती जीव वाचवायला नव्हे, तार वाचवायला. 1838 मध्ये जर्मनीत श्टाइनहाइलच्या ध्यानात आलं की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही; जमीनच प्रवाह परत नेते. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात ओशॉनेसीने ते काम हुगळीच्या पाण्याकडून करवून घेतलं.

राखणदारी मागाहून आली. घरोघरी लोखंडी अंगाची यंत्रं शिरली, तेव्हा आत वायर सोलली तर प्रवाह माणसाऐवजी जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, म्हणून तिसरी तार जोडली. आपल्या प्लगची तिसरी पिन ब्रिटिश घाटाची: लांब, म्हणजे आधी तीच टेकते, जाड, म्हणजे फेजच्या भोकात जातच नाही. अंगणात दीड मीटर खड्डा, त्यात पत्रा, वर मीठ-कोळशाचे थर.

पण हिशोब काट्यावरचा. खड्ड्याचा रोध दहा ओहम धरला, तर 230 व्होल्टला जेमतेम 23 अँपिअर वाहतात. 32 अँपिअरचा एमसीबी ढिम्म. माणूस मरायला तर अँपिअरचा किरकोळ अंश पुरतो. यावर उपाय दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत 1950च्या दशकात निघाला, आणि अमेरिकेत 1961 मध्ये तो चार्ल्स डॅल्झिएलने शोधला: गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह सारखा नसेल, तर लगेच तोडायचा. घरातला आरसीसीबी तो हाच.

2019 मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षा-नियमांत विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगची कलमं घातली, त्यात हेच कूळ उतरलं. तीस मिलिअँपिअरला तुटणारं यंत्र हवं, सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंच हवं, एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही.

फ्रिज अर्थिंगविना वर्षानुवर्षं मुकाट चालतो. चार्जर मात्र आधी अर्थिंग चाचपतो आणि सापडलं नाही तर हटून बसतो. गोदाकाठची काळी जमीन पावसाळ्यात उत्तम अर्थिंग देते. मे महिन्यात तिला भेगा पडतात, माती पत्र्यापासून सुटते, रोध चढतो. जुना वायरमन म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला सांगतो, आणि ते बरोबरच आहे.

घाईतला वायरमन मात्र सॉकेट उघडून न्यूट्रलचा तुकडा तिसऱ्या पिनेला जोडतो. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो. पूर्वी न्यूट्रल नव्हता म्हणून जमिनीला जुंपलं. आता जमीन नाही म्हणून न्यूट्रलला. फरक इतकाच की मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गाडीचा अख्खा पत्रा फेजवर येतो, आणि दाराला हात लावणारा बहुतेक वेळा अनवाणी असतो.