बाराव्या आठवड्याच्या अहवालावर भाष्य

चंडीगडला सेक्टर १२ मध्ये पीजीआय, सेक्टर ३२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. चंडीमंदिरच्या छावणीत बदली होऊन आलेल्या मराठी घरातली सून असो नाहीतर तिची पंजाबी शेजारीण, तिसऱ्या महिन्यात दोघींच्या हाती साधारण सारखाच कागद पडतो: एनटी स्कॅनचा अहवाल. तो इंग्रजीत असतो. त्यातल्या नेहमीच्या ओळी इथे मराठीत उतरवल्या आहेत, आकडे नमुन्याचे. काही ओळी डॉक्टरांनी पाहिलेलं सांगतात, काही मोजलेलं, आणि एखादी निव्वळ गणिताची असते. घरी त्या सगळ्या एकाच दमात वाचल्या जातात आणि घोळ तिथेच होतो.

«गर्भाशयात एकच जिवंत गर्भ. हृदयाचे ठोके मिनिटाला १६०.»

हे पाहिलेलं आहे. ‘गर्भाशयात’ म्हटलं की गर्भ नळीत अडकल्याची शंका मिटली. ‘एकच’ हेही वाटतं तितकं साधं नाही. जुळी असतील तर दोघांची वार एक की वेगवेगळी, हे याच दिवसांत सर्वांत स्पष्ट दिसतं. पुढे हा फरक पुसट होतो, आणि एकाच वारेवरच्या जुळ्यांना जास्त जपावं लागतं. ठोके १६० ऐकून धसका घेऊ नये, या वयाला ते ठीकच आहेत.

«डोक्यापासून कुल्ल्यापर्यंत लांबी ६२ मि.मी.; वय १२ आठवडे ४ दिवस.»

पाळीची तारीख कुणाला नेमकी आठवते, कुणाला नाही. कुणाची पाळी मुळातच अनियमित. गर्भ मात्र या काळात सगळ्यांचा जवळपास एकाच गतीने वाढतो. ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ साली या लांबीवरून वय काढण्याची रीत मांडली. पाळीवरून धरलेलं वय आणि हे वय यांत आठवड्याहून अधिक अंतर पडलं, तर स्कॅनचं वय धरतात. पुढचा सगळा हिशेब या ओळीवर उभा आहे. लांबी ४५ ते ८४ मि.मी.च्या दरम्यान नसेल, तर खालची ओळ लिहिताच येत नाही.

«एनटी १.४ मि.मी.»

अहवालातली सर्वांत नाजूक ओळ. गर्भाच्या मानेमागे, त्वचेखाली पाण्याचा पातळ थर असतो; ही त्याची जाडी. ती वाढलेली असेल तर डाऊन सिंड्रोमची आणि हृदयाच्या दोषांची शक्यता वाढते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या किप्रोस निकोलाइडिस यांच्या चमूने १९९२ साली हा संबंध दाखवून दिला. ३.५ मि.मी.च्या वर गेली की पुढच्या तपासण्या आल्याच.

पण मोजतात कशी, ते पाहण्यासारखं आहे. गर्भ बरोबर कुशीवरून दिसायला हवा, डोकं आणि छातीचा वरचा भाग पडदाभर यायला हवा. मान मागे झुकलेली असली तर माप ०.६ मि.मी.ने फुगतं, हनुवटी छातीला टेकलेली असली तर ०.४ने घटतं. मागची त्वचा आणि गर्भपिशवीचं आवरण या दोन्ही रेषा सारख्याच बारीक दिसतात, म्हणून गर्भ हलेपर्यंत थांबावं लागतं. मग आईला खोकायला सांगतात, चालून यायला सांगतात. बाहेर बसलेले नातेवाईक ‘इतका वेळ का लागतोय?’ म्हणून अस्वस्थ होतात. खरं तर दोन मिनिटांत उरकलेल्या एनटीवरच शंका घ्यावी.

«नाकाचं हाड दिसलं.»

चांगली खूण. दिसलं नसतं तर डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढली असती. निदान झालं असं नव्हे.

«गर्भाशयाच्या धमन्यांचा सरासरी पीआय १.७.»

ही ओळ बाळापेक्षा आईसाठी आहे. पीआय म्हणजे या धमन्यांतल्या रक्तप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचं माप; तो जास्त असेल, तर पुढे रक्तदाब चढण्याचा (प्रीएक्लॅम्प्सियाचा) आणि बाळाची वाढ खुंटण्याचा धोका असतो. आईचा रक्तदाब आणि पूर्वेतिहास यांच्या जोडीने हा आकडा वाचायचा. मला ही ओळ अहवालातली सर्वांत कामाची वाटते, कारण हिच्यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत जोखमीच्या बायकांना रोज रात्री १५० मि.ग्रॅ. ॲस्पिरिन दिलं गेलं, ३६व्या आठवड्यापर्यंत. ३७ आठवड्यांआधी प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियाचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६वर आलं. अर्थात गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आणि सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी. आपल्याकडच्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेचा ‘संरक्षण’ उपक्रम याच मापावर भर देतो. तरीही कित्येक अहवालांत ही ओळ नसते. नसेल तर विचारावं.

«ट्रायसोमी २१: वयानुसार १:६२६, एकत्रित १:३०००.»

ट्रायसोमी २१ म्हणजे डाऊन सिंड्रोम. इथे पाहणं-मोजणं संपलं, गणित सुरू झालं. पहिला आकडा तीस वर्षांच्या कुठल्याही आईचा. दुसरा त्यात एनटी आणि ‘डबल मार्कर’ रक्तचाचणी मिसळून आलेला. अर्थ एवढाच की अशा ३००० आयांमध्ये एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल. आकडा १:२५० आला तर कागदावर ठळक अक्षरांत ‘हाय रिस्क’ छापून येतं आणि घरात रडारड होते. पण त्या २५० जणींपैकी २४९ जणींचं बाळ या दोषापासून मुक्त असतं. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. ही चाळणी असा दोष असलेल्या शंभरातली सुमारे नव्वद बाळं पकडते. दहा निसटतात, तीही ‘लो रिस्क’ शिक्क्यानिशी. खात्री हवी तर वारेचा तुकडा किंवा गर्भजल तपासावं लागतं.

(न लिहिलेली ओळ)

थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल अहवालात एक अक्षर नाही, कारण या स्कॅनमध्ये तो दिसत नाही. पंजाबी आणि सिंधी घरांत त्याचे वाहक अधिक सापडतात, म्हणून चंडीगडमध्ये ही गैरहजेरी जास्त महत्त्वाची. आईची एचबीए-२ तपासणी लवकर करायची. ती वाहक निघाली तर वडिलांची. दोघंही वाहक असले तर बाळाला मेजर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारांत एक. मग अकराव्या आठवड्यानंतर वारेचा तुकडा काढतात, तो सोनोग्राफीच्याच नजरेखाली.

«गर्भाचं लिंग मी पाहिलेलं नाही, कोणाला कोणत्याही प्रकारे सांगितलेलं नाही.»

ही ओळ वैद्यकाची नव्हे, कायद्याची. फॉर्म ‘एफ’मध्ये डॉक्टर असं लिहून देतात आणि लिंग जाणून घ्यायचं नाही असं आईही लिहून देते. पंजाब-हरियाणाच्या राजधानीत ही ओळ का लागते, हे मराठी वाचकाला लगेच कळतं; ती आपल्याकडेही का लागते, हे मात्र पटकन कळत नाही. चंडीगडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ८४५ होत्या, २०११ साली ८८०. महाराष्ट्रात त्याच दहा वर्षांत ९१३च्या ८९४ झाल्या, बीड जिल्ह्यात तर ८०७. आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला होता, केंद्राचा १९९४चा. फॉर्ममधल्या चुका निव्वळ कारकुनी धराव्यात, असं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ते अमान्य केलं.