तुतारीला न जमलेले गाणे

पुण्यातून वारजे, शिवणे, उत्तमनगर असा खडकवासल्याकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशद्वाराशी पोहोचतो. त्यामुळे वारज्याच्या एका अंगाला गणपतीच्या मिरवणुकीत बँड वाजवणारे शहर, तर दुसऱ्या अंगाला लष्करी बँडचे संचलन मैदान येते. दोन्हींकडची वाद्ये मुळात एकाच घरातली असून ती पुण्यात आली ती 1817 च्या खडकीच्या लढाईनंतर वसलेल्या इंग्रजी छावणीबरोबर.

फुंकून वाजवायच्या वाद्यांना, म्हणजे भरताच्या वर्गीकरणातील सुषिर वाद्यांना, या भूमीत तोटा नव्हता. सनई दुहेरी पातीवर वाजते, तर तुतारीत वादकाच्या ओठांचे कंपन हीच पाती. मात्र तुतारीच्या नळीची लांबी बदलत नसल्याने तिच्यातून सा, प, वरचा सा, त्यावरचा ग असे तुटक स्वरच निघतात. राजा आल्याची वर्दी द्यायला ते पुरतात, पण चाल वाजवायला पुरत नाहीत.

ही अडचण दूर करणाऱ्या व्हॉल्व्हचे, म्हणजे हवेला जादा नळीतून वळवणाऱ्या झडपेचे, पेटंट श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांना 1818 मध्ये प्रशियात मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये पेशवा दुसरा बाजीराव इंग्रजांचा सेनानी माल्कम याला शरण गेला. हा निव्वळ योगायोग होय, पण छावणीतला बँड पुण्यात रुजत होता तेव्हा त्याची वाद्येही बदलत होती, हे त्यावरून ध्यानात येते. बँडमधल्या कॉर्नेट या तुतारीवजा वाद्याच्या तीन व्हॉल्व्हपैकी मधला स्वर अर्ध्या पायरीने उतरवतो, पहिला एका आणि तिसरा दीड. हे तिन्ही एकेकटे किंवा निरनिराळ्या जोड्यांनी दाबले की सा आणि प यांच्यामधली सारी रिकामी जागा भरून निघते. बँडमध्ये सनईचे काम क्लॅरिओनेटने एकेरी पातीवर उचलले. 1846 मध्ये पेटंट झालेला सॅक्सोफोन पितळेचा असूनही पातीमुळे काष्ठवाद्यांत गणला जातो, आणि हे वर्गीकरण धातूवर नसून नादाच्या उगमावर आहे, हे त्यावरून कळते.

वाद्ये परदेशातूनच मागवावी लागत होती तोवर ती मुख्यतः लष्कर आणि संस्थानिकांकडेच राहिली. मेरठमध्ये नादिर अली यांच्या पेढीसारखे कारखाने उभे राहिल्यावर मात्र ती गावोगावच्या बँडमास्तरांच्या आवाक्यात आली. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार ही बँडपथके नावारूपाला आली, तरी नगारा, सनई-चौघडा हटले नाहीत. बँड त्यांच्या जागी आला नाही, शेजारी आला.

वारज्यापुढे, 1955 पासून खडकवासल्यात असलेल्या प्रबोधिनीत, दीक्षान्त संचलनात ‘अंतिम पग’ ही अखेरची पायरी ओलांडणाऱ्या छात्रांसाठी लष्करी बँड ‘ऑल्ड लँग साइन’ ही स्कॉटिश धून संथ लयीत वाजवतो. शहरातल्या लग्नांत नवरदेवाच्या स्वागताला तुतारी अजून फुंकली जाते, तेच तीन-चार स्वर काढून ती थांबते, आणि पुढची चाल क्लॅरिओनेट उचलतो.