नोंदवहीतील नावे

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग तृतीयपंथीयांविषयी होता. संशयित ‘युनक’ व्यक्तींची नावे व पत्ते नोंदवहीत लिहावेत, असा त्याचा आदेश. १९११ साली तो भाग रद्द झाला. नोंदवही मात्र शंभर वर्षांनी बंगळुरात पुन्हा अवतरली! कर्नाटक पोलीस कायद्यात २०११ साली घातलेले कलम ३६ अ जवळजवळ त्याच शब्दांत होते. (जुना मसुदा समोर ठेवून नवा लिहिण्याची आपली सवय परिचित आहे.) न्यायालयात आव्हान मिळाल्यावर २०१७ पर्यंत ‘युनक’ हा शब्द वगळण्यात आला.

आरोग्य खात्याची दृष्टी फार निराळी नव्हती. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात (२००७-१२) हा वर्ग ‘जोखीमगट’ म्हणून गणला गेला. त्यातून तपासणी व औषधे मिळाली, हे खरेच. परंतु मधुमेह, दातदुखी वा नैराश्य यांना त्या चौकटीत जागा नव्हती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर खर्च झाला तो मुख्यतः संसर्गाचा समाजावरील परिणाम रोखण्यासाठी. रुग्णाचे स्वतःचे हित दुय्यम राहिले.

१५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालाने रुग्णालयांत योग्य उपचार देण्याचे निर्देश दिले. २०२२ साली आयुष्मान भारत योजनेखाली वार्षिक पाच लाख रुपयांचे संरक्षण जाहीर झाले, तेही ओळख-प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी. म्हणजे उपचारापूर्वी पुन्हा नोंद आलीच. बेळ्ळंदूरच्या रहिवाशाला रुग्णालय जवळ असेल, प्रमाणपत्रही हाती असेल. तरी प्रवेश-अर्जावर दोनच रकाने असल्यास कोणत्या वॉर्डात न्यायचे, हे रात्रपाळीच्या परिचारिकेनेच ठरवायचे.