मालगाडीतील संदेशवहन (भारतीय रेल्वे)

मालगाडीचे लोको पायलट, सहायक लोको पायलट आणि गार्ड (जानेवारी २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’) यांचे आपसांत, तसेच स्टेशन मास्तर व सेक्शन कंट्रोलर यांच्याशी चालणारे संदेशवहन. यात बोलणे आणि परवानगी या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवलेल्या आहेत. वॉकीटॉकीवर माहिती मिळते. गाडी मात्र सिग्नल पाहून, किंवा सिग्नल बिघडला असल्यास नियमाप्रमाणे मिळालेल्या लेखी अधिकारपत्रावरच पुढे न्यायची असते.

सेक्शन कंट्रोलर विभागीय कार्यालयात बसतो. कोणती मालगाडी लूपवर (बाजूच्या रुळावर) घ्यायची, कोणती मेल आधी काढायची, हे तो ठरवतो आणि कंट्रोल फोनवर स्टेशन मास्तरांना कळवतो. ही फोनलाइन सगळ्या स्टेशनांना सामायिक असते. इंजिनाशी त्याचे थेट बोलणे एरवी कमीच. गाडी मध्येच अडकली, तर विद्युतीकृत मार्गालगतच्या इमर्जन्सी सॉकेटला पोर्टेबल फोन जोडून गाडीतले कर्मचारी कंट्रोलला गाठू शकतात.

गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनाकडून ‘लाइन क्लिअर’, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची संमती, घ्यावी लागते. महत्त्वाच्या तोंडी निरोपाची खातरजमा प्रायव्हेट नंबरने होते : सांगणारा आपल्याजवळच्या तक्त्यातला आकडा देतो, ऐकणारा तो नोंदवून ठेवतो. फाटक बंद झाल्याची ग्वाही अनेक ठिकाणी गेटमनही अशीच देतो. पूर्वी केबिनमधल्या लिव्हरने सांधे व सिग्नल हलत. आता बहुतेक ठिकाणी ते काम मास्तरांच्या पॅनेलवरून होते.

न थांबता जाणारी मालगाडी स्टेशनातून पुढे जाते तो क्षण या व्यवस्थेत फार मोलाचा आहे. इंजिनात दोघेही सिग्नल मोठ्याने पुकारतात. मास्तर फलाटावर हिरवा बावटा धरून एकेक वाघीण न्याहाळतात : कुठे धूर, तापलेला अ‍ॅक्सल, लोंबणारा भाग दिसतो का? काही खटकले तर लाल बावटा, आणि वॉकीटॉकीवर लगेच इशारा. ब्रेक व्हॅनमधून गार्डचा हिरवा बावटा येतो. शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ पाटी किंवा रात्री लाल दिवा दिसला, की गाडी पूर्ण आल्याची खात्री पटते. अनेक ठिकाणी ही खूण दिसेपर्यंत मागचा सेक्शन (मागच्या स्टेशनापर्यंतचा मार्ग) मोकळा धरता येत नाही.

शिट्टीची भाषा रेडिओच्या कितीतरी आधीची, पण आजही नियमांत कायम आहे. तीन आखूड शिट्ट्या म्हणजे गार्डने ब्रेक लावावा. चार आखूड म्हणजे अपघात, बिघाड वा अडथळ्यामुळे गाडी पुढे जाऊ शकत नाही. लांब-आखूड-लांब-आखूड म्हणजे गाडी तुटली. शेजारच्या रुळावर अडथळा आला, तर इंजिनाचा फ्लॅशर लावून समोरून येणाऱ्या गाडीला सावध करतात. शिवाय ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर १० मीटरच्या अंतराने तीन डिटोनेटर (चाकाखाली आल्यावर फुटणारे फटाके) रुळांवर ठेवले जातात. वीज, रेडिओ, फोन सगळे बंद पडले तरी डिटोनेटरचा आवाज पोहोचतो.

भोर घाटात कर्जत ते लोणावळा चढ १:३७ इतका तीव्र आहे. तिथे गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात. गाडी हलवताना पुढचा व मागचा पायलट यांचा मेळ बसावा लागतो, कारण ते एकमेकांना पाहू शकत नाहीत. शिट्टी आणि वॉकीटॉकी हाच त्यांचा दुवा.

समर्पित मालवाहतूक मार्गिकांवर जीएसएम-आर ही रेल्वेसाठीची मोबाइल रेडिओप्रणाली आहे. पूर्व मार्गिकेचे नियंत्रण केंद्र प्रयागराजला, तर पश्चिम मार्गिकेचे अहमदाबादला आहे.