हार्ड डिस्क की सॉलिड स्टेट ड्राइव्ह : साठवणमाध्यमाच्या निवडीचा इतिहास आणि वऱ्हाडातील दस्तऐवज

प्रस्तावना

अकोटच्या उत्तरेस सातपुड्याच्या रांगेत नरनाळा किल्ला उभा आहे. त्याच्या महाकाली दरवाजावरील शिलालेख इ. स. १४८७ चा असून बहमनी सुलतान शहाबुद्दीन महमूदशाह याच्या कारकिर्दीत फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने हा दरवाजा बांधविल्याचे त्यावरून कळते. पाच शतकांहून अधिक काळ ही नोंद ऊनपावसात उघडी आहे. मात्र त्याच राजवटीचा जमाखर्च कोणी दगडावर कोरीत बसले नाही. तो कागदावर लिहिला गेला, रुमालांत बांधला गेला आणि बव्हंशी नष्टही झाला. किती त्वरेने लिहावयाचे, किती लिहावयाचे आणि किती काळ टिकवावयाचे, या तिन्ही गरजा एकच माध्यम भागवीत नाही, हे त्या काळच्या कारकुनांना पुरते ठाऊक असले पाहिजे.

महाविद्यालयाच्या खरेदी समितीपुढे नव्या संगणकांची दरपत्रके येतात, तेव्हा नेमका हाच प्रश्न निराळ्या वेषात उभा असतो. त्याच किमतीत एक विक्रेता मोठ्या क्षमतेची हार्ड डिस्क देतो, दुसरा कमी क्षमतेची सॉलिड स्टेट ड्राइव्ह देतो. हा प्रश्न केवळ तांत्रिक समजून संगणक विभागाकडे सोपविण्याची प्रथा आहे. परंतु प्रवेशनोंदवह्या, प्रबंधांच्या प्रती, ग्रंथालयातील पोथ्यांची छायाचित्रे या साऱ्यांचे भवितव्य त्या निवडीवर अवलंबून असल्याने इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.

फिरत्या चकतीचा उदय

संगणकाच्या आरंभकाळापासून साठवणीचे दोन मार्ग दिसतात. एक फिरणारा, दुसरा स्थिर. भारतात १९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आलेल्या एचईसी-२एम या संगणकाची स्मृती चुंबकीय ढोलावर होती आणि तिची मर्यादा १०२४ शब्दांची होती. ढोल फिरावा, हवा तो भाग वाचकयंत्राखाली यावा, मगच आकडा हाती पडावा. पुढे १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या स्वदेशी संगणकात फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती होती. तीत काहीही फिरत नव्हते. म्हणजे ‘फिरते की स्थिर’ हा पर्याय भारतीय शास्त्रज्ञांपुढे सहा दशकांपूर्वीच येऊन गेला होता.

दरम्यान १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक ही यंत्रणा बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची, म्हणजे आजच्या भ्रमणध्वनीवरील एका चांगल्या छायाचित्राएवढी! तिचे वजन सुमारे एक टन होते आणि हवी ती नोंद शोधण्यास सरासरी अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. तरीही पत्त्यांच्या गठ्ठ्यांतून क्रमाने शोध घेण्यापेक्षा ती सोय अपूर्व होती. १९८० मध्ये सीगेट कंपनीने वैयक्तिक संगणकात बसेल अशी ५ मेगाबाइटची चकती तयार केली. १९८८ मध्ये आल्बेर फेर्त आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या महाचुंबकरोध परिणामामुळे अत्यंत सूक्ष्म चुंबकीय खुणा वाचता येऊ लागल्या आणि चकतीची क्षमता झपाट्याने वाढली. या शोधास २००७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. २०२४ पर्यंत एका चकतीसंचाची क्षमता ३० टेराबाइटपर्यंत गेली.

परंतु एक मर्यादा सुटली नाही. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीस एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो भाग येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावेच लागते. संगणकाचा प्रोसेसर कितीही वेगवान घेतला, तरी हा खोळंबा चुकत नाही. जुना संगणक ‘सुरू व्हायला वेळ घेतो’ ही तक्रार बहुधा याच अर्ध्या फेऱ्याची असते.

चिपमधील स्मृती

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. १९८४ मध्ये तिचा पहिला प्रकार आणि १९८७ मध्ये ‘नॅन्ड’ हा प्रकार जगापुढे आला. सिलिकॉनच्या एका कप्प्यात विद्युतभार कोंडून ठेवावयाचा आणि तो आहे की नाही यावरून नोंद वाचावयाची, हे तिचे तत्त्व. १९९१ मध्ये सनडिस्क (नंतरची सॅनडिस्क) कंपनीने २० मेगाबाइटची सॉलिड स्टेट ड्राइव्ह आयबीएमला पुरविली. तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. सामान्य ग्राहकाच्या आवाक्याच्या दिशेने ती सरकली ती २००८ च्या सुमारास. २०११ मध्ये थायलंडमधील महापुरात हार्ड डिस्कचे मोठे कारखाने पाण्याखाली गेले आणि चकत्यांचे भाव जगभर भडकले. चकती स्वस्त आणि नेहमीच उपलब्ध, या समजुतीस त्या वर्षी तडा गेला.

चिप स्वस्त झाली ती एका तडजोडीतून. आरंभी एका कप्प्यात एकच बिट साठविला जाई. म्हणजे भार आहे किंवा नाही एवढेच ओळखावे लागे. आज बहुतेक ड्राइव्हमध्ये एका कप्प्यात तीन बिट असतात, त्यासाठी भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चार बिटांच्या प्रकारात सोळा. पातळ्या जितक्या जवळ, तितका थोडासा भार गळला तरी वाचनात चूक होण्याचा संभव अधिक. प्रत्येक पुनर्लेखनाने कप्पा झिजतोही. रोजच्या कार्यालयीन कामात ही झीज अनेक वर्षे जाणवत नाही, हेही सांगितले पाहिजे. विक्रेत्याने दाखविलेली भीती आणि विक्रेत्याने दिलेली हमी, दोन्ही सारख्याच सावधपणे घ्याव्यात.

वऱ्हाडचे ऊन आणि बंद कपाट

साठवणमाध्यमांची तुलना बहुधा वातानुकूलित खोली गृहीत धरून केली जाते. अकोला जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले आणि अचानक वीज जाण्याने किती हार्ड डिस्क निकामी झाल्या याचा हिशेब कोणी ठेवला नाही. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसल्याने धक्क्याचे भय नाही. पण लेखन चालू असताना वीज गेल्यास कोणती नोंद कोठे आहे याचा तिचा अंतर्गत नकाशाच बिघडू शकतो. त्यापासून रक्षण करणारे संधारित्र महागड्या, सर्व्हरसाठीच्या ड्राइव्हमध्ये असतात, साध्या ड्राइव्हमध्ये बहुधा नसतात. यूपीएस दोन्हींना सारखाच आवश्यक आहे.

खरा भेद संगणक बंद असताना कळतो. जेडेक या मानक ठरविणाऱ्या संघटनेच्या निकषानुसार, निर्धारित लेखनमर्यादा पूर्ण वापरून झालेल्या साध्या ड्राइव्हने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष नोंदी जपाव्यात अशी अपेक्षा आहे. सर्व्हरच्या ड्राइव्हसाठी हीच अपेक्षा ४० अंशांस तीन महिने इतकी आहे. साठवणीच्या जागेचे तापमान वाढले की ही मुदत घटते. नव्या ड्राइव्हला हे आकडे लागू नाहीत, ती पुष्कळ अधिक टिकते. २०१५ मध्ये या आकड्यांवरून जो गहजब झाला तो अतिरंजित होता. तरी बरीच वापरलेली ड्राइव्ह ‘आता यात सगळे सुरक्षित आहे’ म्हणून लोखंडी कपाटात ठेवावी आणि ते कपाट पत्र्याच्या छताखालच्या खोलीत दोन उन्हाळे बंद राहावे, ही गोष्ट आपल्या भागात अगदीच काल्पनिक नाही. चकतीवरील चुंबकीय खूण अशी गळून जात नाही. तिचा धोका यंत्रभागाचा असतो. वर्षानुवर्षे न फिरलेली चकती फिरण्यास नकार देऊ शकते.

आणखी एक फरक कार्यालयीन माणसांच्या लक्षात येत नाही. चुकून पुसलेली धारिका हार्ड डिस्कवरून पुष्कळदा परत मिळविता येते. सॉलिड स्टेट ड्राइव्ह पुसलेले कप्पे स्वतःहून रिकामे करीत असल्याने ती आशा फार अल्प उरते.

लीळाचरित्राचा दाखला

या संदर्भात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरचे स्मरण होणे साहजिक आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात प्रत्यक्ष सहवासातील मंडळींकडून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत हरपली आणि शिष्यांच्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. लिखित प्रत एक होती, ती गेली. पाठ अनेकांच्या मुखी होता, म्हणून ग्रंथ उरला. पाठांतरही वारंवार उजळणी करूनच टिकते, चिपमधील भारासारखे. त्याची किंमतही मोजावी लागली. वेगवेगळ्या पाठपरंपरा निर्माण झाल्या आणि १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केलेल्या संपादनासाठी डॉ. वि. भि. कोलते यांना अनेक पोथ्या ताडून पाहाव्या लागल्या.

यावरून खरेदीसंबंधी जे निष्पन्न होते ते साधे आहे. ज्या संगणकावर रोज काम करावयाचे त्यात सॉलिड स्टेट ड्राइव्ह असावी, मग तिची क्षमता कमी असली तरी चालेल. वाचलेल्या रकमेत दोन स्वतंत्र हार्ड डिस्क घ्याव्यात, त्यांतील एक महाविद्यालयाच्या आवाराबाहेर ठेवावी आणि प्रत्येक सत्राच्या आरंभी त्या जोडून, चालवून, उघडून पाहाव्यात. मोठ्या क्षमतेची एकच वस्तू घेऊन तिच्यावर सर्व भार टाकणे हा दोन्ही पर्यायांतील सर्वांत वाईट पर्याय होय.

महानुभावांच्या पोथ्यांना आणखी एक अडचण होती. त्या शाबूत असूनही सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांमुळे बाहेरच्यांना विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत वाचता येत नव्हत्या. २००० च्या दशकात श्रीलिपी, आकृती, सुरेख अशा युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित झालेले मराठी शोधप्रबंध आज त्याच अवस्थेत आहेत. चकती फिरते, धारिका उघडते आणि पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसतात. जुन्या संगणकावरील मजकूर नव्यावर हलविताना तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्याचे काम, त्या फाँटांत टंकन केलेली माणसे कार्यालयांत आहेत तोवरच सोपे आहे.