सपाट माथ्याचे डोंगर आणि नकाशा

मंडळी, नकाशाचा इतिहास म्हटला की आपल्याला डेहराडून आठवतं, हिमालय आठवतो. आपण जरा जवळून सुरुवात करू. १८१५ साली विल्यम लॅम्बटनने बीदरजवळ एक पायारेषा मोजली. तिथून पश्चिमेला, मुंबईच्या दिशेने, त्रिकोणांची साखळी न्यायची ठरली आणि १८२२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट त्या कामाला लागला. हो, तोच, शिखराच्या नावाचा! जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारला, तेव्हा एव्हरेस्ट याच पश्चिमेकडच्या कामावर होता.

आता आपला मुलूख कसा आहे? लाव्हाचे थर एकावर एक बसलेले, म्हणून डोंगराला पायऱ्या. कडा सरळ तुटलेला आणि माथा टेबलासारखा सपाट. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दही मुळात पायरीवरूनच आलेला. समोच्च रेषांच्या नकाशात असा डोंगर लगेच ओळखू येतो. कड्यावर रेषा एकमेकींना चिकटतात आणि माथ्यावर कागद जवळजवळ कोरा राहतो.

पण त्या कोऱ्या जागेत काय असतं? माळ असतो, गवत असतं, मेंढरांची वाट असते. उंची मोजणाऱ्या रेषेला ते दिसत नाही. त्यात तिचा दोष नाही. तिला विचारलेला प्रश्नच उंचीचा होता.

अडचण पुढे आली. १८७२ मध्ये जंगलांच्या मोजणीची वेगळी शाखा निघाली. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखायला बळ दिलं. मग कागदावरची हद्द हीच मालकी ठरू लागली. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये, म्हणजे १८८३ च्या सुमारास, जंगलखात्याने गायराने आणि डोंगर घेतल्याची, गरिबाच्या शेळीला चरायला जागा न उरल्याची तक्रार आहे. तिच्याकडे आपण नकाशाची समीक्षा म्हणूनही पाहायला हवं.

आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारतो, नकाशा खरा की खोटा? इथे हा प्रश्न अपुरा पडतो. कड्याची उंची बरोबर असू शकते आणि त्याच कागदावर धनगराचा हक्क नसू शकतो. मोजमाप अचूक आहे, एवढ्यावरून निवाडा न्याय्य ठरत नाही.

सोलापूरचा नकाशा ४७ ओ/१४ या क्रमांकाचा. तो जरूर मिळवा. पण बघताना सोबत एखादा गुराखी असू द्या, आणि रेषांच्या मधल्या जागेबद्दल आधी त्याला विचारा.