वात, धूप आणि मेणबत्ती

घरच्या घरी सुगंधी मेणबत्त्या करण्याचा छंद अलीकडे आपल्याकडे बराच रुजला आहे. ही कला सर्वस्वी परदेशातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. मेणापुरता तो फारसा चुकीचा नाही. सुगंधाची वात वळण्याची कृती मात्र आपल्या सीमाभागातच सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथबद्ध झाली होती, याचे स्मरण फार थोड्यांना असेल.

बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण हीच उत्तर चालुक्यांची राजधानी कल्याणी. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तेथील पेठेत शेजारी शेजारी नांदतात. या नगरीत राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने भोगावयाचे जे वीस उपभोग त्यात वर्णिले आहेत, त्यांत गृह, स्नान, तांबूल, अन्न यांच्याबरोबर धूपालाही स्थान आहे. धूपाचे प्रकार तीन: निखाऱ्यावर टाकावयाचा चूर्णधूप, गोळा करून ठेवावयाचा पिंडधूप आणि वातीसारखा वळलेला वर्तिधूप. ‘वर्ति’ या शब्दापासूनच आपली ‘वात’ झाली आणि ‘बत्ती’ही झाली. म्हणजे उदबत्ती आणि मेणबत्ती या नावाने तरी सख्ख्या बहिणी आहेत.

परंतु त्यांचा स्वभाव भिन्न आहे. उदबत्ती धुमसते, मेणबत्ती जळते. ज्योत ही सुगंधाची वैरीण आहे. चंदन वा अगरू प्रत्यक्ष ज्वाळेत धरले, तर त्यातील सुवासिक अंश बव्हंशी जळून जातो. मंद निखाऱ्यावर ठेवले, तर तोच अंश धुराबरोबर घरभर पसरतो. आपल्या पूर्वजांनी हे अनुभवाने ओळखले होते. म्हणून देवघरात समई वेगळी आणि धुपाटणे वेगळे. ‘धूपदीप’ असा जोडशब्द आपण उच्चारतो, पण त्यातील दोन वस्तू शेजारी राहूनही एक होत नाहीत.

हीच रीत कलबुर्गीच्या दर्ग्यातही दिसते. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज हे सूफी सत्पुरुष फिरोजशहा बहमनीच्या कारकीर्दीत तेथे आले आणि १४२२ साली तेथेच निवर्तले. त्यांच्या उरुसात संदलाचा, म्हणजे चंदनाच्या मिरवणुकीचा, दिवस एक आणि चिरागांचा, म्हणजे दिव्यांचा, दिवस दुसरा. सुगंधाचा मान निराळा आणि प्रकाशाचा मान निराळा.

मग या दोहोंचा संयोग घडला कसा? त्याचे उत्तर मेणात आहे. पूर्वी मेण मधमाश्यांच्या पोळ्यातून मिळे आणि ते महाग असे. अकबराच्या दरबारात सूर्यास्त होताच बारा कापुरी मेणबत्त्या सोन्यारुप्याच्या दीपदानांत लावून आणीत, असे अबुल फजलने ‘आइन-इ-अकबरी’त नोंदविले आहे. असे वैभव बादशहालाच परवडे. गरिबाघरी तेलाची पणती मिणमिणत असे. एकोणिसाव्या शतकात खनिज तेलापासून पॅराफिन मेण निघू लागले आणि मेणबत्ती स्वस्त झाली. आसामात दिग्बोई येथे १९०१ साली तेलशुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाल्यावर असे मेण आपल्या देशातही तयार होऊ लागले.

मेणबत्ती पेटली की ज्योतीभोवती वितळलेल्या मेणाचे छोटे तळे साचते. सुगंध येतो तो मुख्यतः या कोमट तळ्यातून. वातीपर्यंत चढलेला बराचसा सुगंध ज्योतीत नष्ट होतो. घरी मेणबत्ती करणाऱ्याने एवढे तत्त्व ध्यानात ठेवावे, म्हणजे पुढील कृतीचे मर्म आपोआप उमगेल. मेणाचे भांडे प्रत्यक्ष आचेवर न ठेवता पाण्याच्या पातेल्यात ठेवावे. मेण वितळले की ते विस्तवावरून उतरावे आणि उष्मा किंचित कमी झाल्यावरच सुगंधी तेल घालावे. कढत मेणात घातलेले तेल साच्यात पोहोचण्यापूर्वीच उडू लागते. शंभर भाग मेणास सहा ते दहा भाग तेल पुरे होते. वात मध्यभागी ताठ असावी. मेणाने पेट घेतलाच, तर त्यावर पाणी मुळीच ओतू नये. भांड्यावर झाकण घालून हवा तोडावी.

आता शेवटची एक गोष्ट. सुगंधशास्त्रावरील ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या दोन ग्रंथांची पोथी पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी प्रकाशात आणली. हे ग्रंथ पुढे १९८९ साली बडोद्याहून छापले गेले. त्यांतील ‘गंधवादा’वर मराठी टीका आहे. टीकाकाराचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. तथापि संस्कृतात बंदिस्त असलेली ही विद्या आपल्या माणसांच्या भाषेत उतरावी, असे त्याला वाटले आणि म्हणून ती मराठीत आपल्या हाती लागली. ज्या कारागिरांनी आपली प्रमाणे केवळ हातात ठेवली, त्यांची विद्या हातांबरोबरच गेली.

यास्तव, घरी मेणबत्ती करणाऱ्या भगिनींना आणि बंधूंना एवढेच सांगणे आहे: कोणते तेल किती घातले, मेण किती निवू दिले, काय साधले आणि काय फसले, हे एका वहीत मराठीत टिपून ठेवा. मेणबत्ती चार घटका जळून संपेल. वही मात्र घरात राहील.